देव कुणाच्या तोंडानं बोलतो

पिशोरजवळच्या धनगरवस्तीवर बिरोबाच्या जत्रेत ढोल घुमायला लागले की बानाबाईच्या अंगात वारं यायचं. केस मोकळे, कपाळभर भंडारा, आवाज असा की मेंढ्यांची कुत्रीसुद्धा गप्प व्हायची. एरवी तिला कशातच न धरणारे बाप्ये तिच्या पायावर डोकं ठेवायचे. नवरा मल्हारीसुद्धा. आणि दुसऱ्याच दिवशी भाकरीला उशीर झाला म्हणून तोच मल्हारी तिच्या अंगावर धावून जायचा.

असाच एकदा तो धावून गेला, तेव्हा त्यांची लहानगी लेक रत्नमाला मध्ये उभी राहिली.

"आबा, काल तू हिच्या पाया पडलास. आज का मारतूस?"

"काल ती देव व्हती."

"मंग देव गेला कुठं?"

मल्हारीचा हात खाली आला. पुढं त्यानं पोरीला शाळेतून कधी काढलं नाही. "एवढे सवाल पडत्यात हिला, शिकू द्या," म्हणायचा.

रत्नमाला कॉलेजसाठी संभाजीनगरला आली आणि सगळ्यांनी नाकं मुरडली तरी तिनं तत्त्वज्ञान घेतलं. देव आहे का, असला तर कसा, यावर तासन् तास चर्चा चालायची. पण ती करणारे सगळे पुरुष, आणि त्यांच्या पुस्तकांतला देवही पुरुषासारखाच. तिनं संशोधनाला विषय घेतला : अंगात येणाऱ्या बाया आणि देवाची कल्पना. बाहेरगावाहून आलेले परीक्षक हसले.

"बाई, या लोकांच्या समजुती झाल्या. यात तत्त्वज्ञान कुठंय?"

"सर, देव माणसाशी बोलतो, असं कितीतरी धर्म सांगतात. तो बाईच्या तोंडून बोलला की त्याची लगेच समजूत कशी होते?"

विषय कसाबसा मंजूर झाला. मग ती बिडकीनच्या, देवगावच्या बायांजवळ जाऊन बसली. शहरातल्या दर्ग्यात हाजिरी येणाऱ्या, म्हणजे तिथं अंगात येणाऱ्या बायांचंही ऐकलं. जिथं बाईला बोलू देत नाहीत तिथं ती देव होऊन बोलते, असं तिनं मांडलं. त्याचं पुस्तक झालं, शहरातल्या एका कॉलेजात नोकरी लागली, दूरदूरहून भाषणांची बोलावणी यायला लागली.

मल्हारी गेला त्या वर्षी जत्रेआधी पंचांनी निरोप धाडला : बानाबाईनं आता भंडारा लावायचा नाही, ढोलापुढं यायचं नाही. विधवा आहे.

रत्नमाला तडक एसटीनं वस्तीवर आली आणि आईचा हात धरून देवळापुढं उभी राहिली. म्हाताऱ्या भगताला, कडूबाला तिनं विचारलं, "बाबा, देव अंगात येतो तो कुणाला विचारून येतो का?"

"छ्या! देव कुणाला इचारतो?"

"मग कुंकू हाय का नाय ते बघून येतो?"

"नाय गं."

"मग त्यानं कुठं यायचं, ते पंच कसं ठरवणार?"

कडूबानं पंचांकडं पाहिलं आणि तो मोठ्यानं हसला. "सांडू, पोरगी बरोबर बोलतीया." त्यानं भंडाऱ्याचं ताट बानाबाईपुढं धरलं. सांडू पंच तणतणला, एकदोघं उठून गेले. पण मागून विधवा गीताबाई पुढं सरकली, तिच्यामागं आणखी दोघी.

बानाबाईनं स्वतःच्या हातानं भंडारा लावला. ढोल चढले. सगळे वाट बघत राहिले. वारं काही आलं नाही.

तिनं हात वर करून ढोल थांबवले आणि रोजच्याच आवाजात म्हणाली, "सांडू, दुसरी बी पोरगीच झाली म्हणून सुनेला म्हायेरी धाडलीस. घेऊन ये तिला. हे देव सांगत नाय, मी सांगतीया."

रत्नमालाच्या ध्यानात आलं : आई देवाशिवाय बोलली होती! पुस्तकात जे ठामपणे लिहिलं होतं ते डोळ्यांदेखत अपुरं ठरलं, आणि तिला इतका आनंद कधीच झाला नव्हता.

"वारं का नाय आलं गं?" तिनं घरी आल्यावर विचारलं.

"कुणास ठावं. मला बोलायचं व्हतं, बोलले."

सांडू काही दिवस फुगून बसला, मग जाऊन सुनेला आणि नातींना घेऊन आला.

सध्या रत्नमाला दुसरं पुस्तक लिहितेय. परवा एम.ए.च्या वर्गात तिनं हे सगळं सांगितलं, तर तनुजा नावाची एक पोरगी उठली. "मॅडम, बाई स्वतःच्या तोंडानं बोलायला लागली, मग देवाचं काय काम उरलं?"

"लई अवघड विचारलंस," रत्नमाला हसून म्हणाली आणि खुर्ची ओढून मुलींच्यात जाऊन बसली. "तूच सांग. तुला काय वाटतं?"