बाणांची चहाडी

कॉलेजातली मुलं गणिताच्या सरांना पाठीमागे 'अगम्य' म्हणत. सरांना ते ठाऊक होतं, आणि तो त्यांना मानच वाटे. त्यांच्या स्लाइडवर काळ्याभोर समीकरणाखेरीज चिटपाखरू नसे. समीकरण स्वतःच बोलतं, असं त्यांचं मत. बोलत असेलही, पण ऐकू कुणाला येत नव्हतं.

एकदा गरम चहा कसा निवत जातो त्याचं समीकरण शिकवताना एका मुलीने विचारलं, की यातला 'के' म्हणजे काय. सरांनी पडद्याकडे पाहिलं. वरच्या ओळीतला 'के' वेगळा, खालच्या ओळीतला भलताच, आणि कुठला कशाचा हे त्यांनाच आठवेना. उरलेला तास त्यांनी घसा साफ करण्यात काढला.

घरी ते तोंड पाडून बसले. बायको हाडांची डॉक्टर. ती म्हणाली, "अहो, मोडलेलं हाड दाखवायला एक्स-रेवर आम्हीसुद्धा बाण काढतो. त्यात कसला आलाय कमीपणा?"

मग सर बाणांवर तुटूनच पडले. प्रत्येक अक्षराला बाण, प्रत्येक बाणाला निराळा रंग, कंसांनासुद्धा टिपा. लेकीने डोकावून विचारलं, "बाबा, हे साळिंदर कशाला काढलंय?" सर आधी फुगले, मग मुकाट्याने बाण उपटायला लागले. अखेर एका वेळी एकच बाण येई, आणि त्याच्या टोकाशी साधे शब्द: 'चहाचं तापमान', 'खोलीचं तापमान', 'चहा किती झपाट्याने निवतो'.

पुढच्या तासाला विभागप्रमुखही येऊन बसले. बाण एकेक करून उमटले, मुलं माना डोलावू लागली, सरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तेवढ्यात पुढच्या बाकावरून एकाने विचारलं, "सर, मग या हिशेबाने चहा नुसता ठेवला तरी तापतच जाईल ना?"

सरांनी बाणांवरून नजर फिरवली. खरंच की. समीकरणात 'के'च्या आधीचं वजाचं चिन्हच नव्हतं. चहा वर्षानुवर्षं उकळत होता आणि कुणाला पत्ता नव्हता. याच स्लाइडला एकदा 'सखोल' म्हणालेले विभागप्रमुख आता चष्मा पुसण्यात गढून गेले.

सरांना संताप यायचा, तो आलाच नाही. हसू आलं, आणि इतकं, की त्यांना खाली बसावं लागलं. त्यांचं शिकवणं चूक सापडण्याइतकं कुणाला तरी कळलं होतं. घरी त्यांनी ही फजिती बक्षीस मिळाल्यासारखी सांगितली, आणि जुन्या स्लाइड काढून बाण लावायला बसले. पहिल्याच स्लाइडवर उतारावरून सोडलेला चेंडू वर चढत होता.