माहेरघराची ओसरी
मोहफुलांचा वास आला की जंगलाकडच्या त्या माहेरघराची ओसरी आठवते. बाळंतपणाआधी गावोगावच्या बायांना सरकारी दवाखान्याच्या गाडीनं तिथं आणून ठेवत. त्या तिथं का थांबतात, यावर आम्ही संशोधन करत होतो. आमच्या पद्धतीत आपला अंदाज समोरच्यापुढंच मांडून तपासायचा असतो. म्हणून दिवस भरत आलेल्या एकीला मी मोठ्या शहाणपणानं विचारलं, "इथं सुरक्षित वाटतं म्हणून थांबलात ना?" ती फाटकाकडं बघत म्हणाली, "गाडी आणून सोडते बाई, वापस कोण नेते? तिकडं मोह पडून राह्यला, ढोरं खाऊन राह्यले. तुमच्या गाडीत मले नेता का?" गाडीत जागा होती. तिच्या पोटाकडं बघून हो म्हणवेना, डोळ्यांकडं बघून नाही म्हणवेना. ती केव्हाच घरी गेली असेल. त्या ओसरीवर अजून मीच अडकले आहे.