हिऱ्या तांडेलच्या तलवारीचा तिसरा जोड

"साहेब, ह्याला वेल्डिंग होईल काय?" जनार्दननं विचारलं आणि लुंगीत गुंडाळलेलं एक लांबट गाठोडं माझ्या टेबलावर ठेवलं.

मला वाटलं, टेम्पोच्या स्प्रिंगचा पाटा असेल. आमच्या बोईसरच्या शेडमध्ये असल्या गोष्टी नेहमी यायच्या. कुणाचा कोयता, कुणाच्या सायकलची क्रँक. फर्नेस कंपनीची, पण तिची ऊब सगळ्यांना हवी असायची. मी लुंगी उलगडली. आत तलवार होती. दोन तुकड्यांत.

"कुणाची?"

"हिऱ्या तांडेलची."

"त्याला घेऊन ये. त्याच्याशीच बोलतो."

"त्यो नाय येनार साहेब," जनार्दन म्हणाला. "त्यो फिरंग्यांच्या टायमाचा हाय."

आधी माझं काम सांगतो. मी हीट ट्रीटमेंट इन्चार्ज होतो. म्हणजे पोलाद लालभडक तापवायचं आणि तेलात बुडवायचं. त्यानं ते कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही होतं. म्हणून पुन्हा थोडं तापवून त्याचा ताठा जरा उतरवायचा. याला टेंपरिंग म्हणतात. तलवारीला 'पाणी चढवणं' म्हणतात, तेही हेच. फरक एवढाच की आमच्याकडे प्लास्टिक कापायच्या सुऱ्या यायच्या आणि त्यांच्यावर कुणी पोवाडे रचत नव्हतं.

जनार्दन तांडेल माझा फर्नेस ऑपरेटर. वय चौतीस, दोन मुलींचा बाप. आठवडाभर सालवडला खोलीवर राहायचा आणि सुट्टीला दातिवऱ्याला घरी जायचा. भट्टीचं टेंपरेचर नुसत्या रंगावरून सांगणारा माणूस. असा माणूस तलवार मोडेल असं मला वाटलं नसतं. पण ती वर्षं वेगळी होती. रविवारी सकाळी टीव्हीवर पुराणातले वीर यायचे, तेव्हा शेडजवळच्या सरावली गावात ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या दारात चपलांचा ढीग पडायचा. सोमवारी अख्खी शिफ्ट हातातले पाने-हातोडे अस्त्रांसारखे धरून बोलायची.

हिऱ्या तांडेल हा जनार्दनच्या घराण्याचा मूळ पुरुष. त्यानं म्हणे फिरंग्यांच्या गलबताचा दोर एका घावात तोडला आणि पाच शिपाई पाण्यात लोळवले. ही जनार्दनच्या चुलत्याची आवृत्ती. जनार्दनच्या सांगण्यात शिपाई बारा होते. आणि मालिका सुरू झाल्यापासून तलवारीतून वीजही निघायला लागली होती.

"मोडली कशी?"

त्यानं खाली बघत सांगितलं. नवरात्रात गावात नाटक होतं. हिऱ्या तांडेलचं काम त्याच्याकडे. तालमीला लाकडी तलवार होती, पण त्याचं समाधान होईना. घरातली खरी आणली. किनाऱ्यावर वाळूत एका होडीचा लोखंडी नांगर पडला होता. त्यावर हाणली.

"नांगरावर? कशाला?"

"ठिनगी पाराया. टीव्हीत परते ना."

"पडली?"

"परली साहेब. मंग अर्दी तलवार बी परली."

मला हसू आवरेना, पण त्याचा चेहरा बघून आवरलं. खंडेनवमीला चार दिवस होते. त्या दिवशी त्यांच्या घरी तलवारीची पूजा व्हायची आणि सगळ्या गावासमोर तिनं कोहळा कापला जायचा. तलवार मोडली तर घराण्याच्या होड्या परत येत नाहीत, अशी समजूत. जनार्दनचे दोन भाऊ होडीवर जायचे. त्यांना हे कळलं तर समुद्राच्या आधी तेच त्याला बुडवणार होते.

"आत्ता म्यानात काय आहे?"

"नाटकाची. लाकराची."

"घरात कुणाला माहीत आहे?"

"नाय. काकीला कललं तर मी मेलो."

काकी म्हणजे त्याची थोरली चुलती. घरातली कर्ती बाई, विधवा, पालघरच्या बाजारात सुकी मासळी विकायची. तलवार तिच्या ताब्यात असायची. मी तिला पाहिलं नव्हतं, पण जनार्दन ज्या सुरात 'काकी' म्हणायचा, त्या सुरात आमच्याकडे कुणी मालकाचंही नाव घेत नव्हतं.

मी म्हटलं, बघू. जुन्या पोलादाला वेल्डिंग करणं जोखमीचं असतं. नीट न तापवता जोडलं तर जोडाच्या शेजारी बारीक चीर जाते, डोळ्याला दिसत नाही, आणि जोर लागला की तुकडा उडतो. कोहळ्यासमोर पहिल्या रांगेत लहान मुलं बसणार होती. त्यामुळे हे काम चेष्टेवारी नेण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आधी चिरा शोधल्या. त्यासाठी एक लाल औषध फवारतात. ते चिरेत शिरतं. वरचं पुसून पांढरी पावडर मारली की चीर लाल रेघ होऊन वर येते. तुटलेल्या जागेजवळ काही निघालं नाही. पण मुठीपासून चार बोटांवर एक लाल रेघ उमटली. टोकाच्या अलीकडे आणखी एक.

मी दोन्ही जागा घासल्या. मुठीजवळ पिवळी झाक दिसली. पितळ. कुणीतरी तिथे पितळ वितळवून डाक देऊन तुकडे जोडले होते. टोकाजवळ लोहारानं दोन तुकडे तापवून, एकावर एक ठोकून सांधले होते.

मग ग्राइंडरवर प्रत्येक भागाची ठिणगी बघितली. पोलादाची जात ठिणगीच्या आकारावरून कळते. मुठीकडच्या भागाची ठिणगी लांब, तांबूस, जवळजवळ न फुटणारी. म्हणजे मऊ, जुनं लोखंड. मधल्या भागाची फुलबाजीसारखी फुटणारी. म्हणजे कडक पोलाद, आणि तोच नांगरावर मोडला होता. टोकाची तिसरीच. एखाद्या घोडागाडीच्या स्प्रिंगची असावी.

"जनार्दन," मी म्हटलं, "तुझ्या आधी दोघांनी हा पराक्रम केलाय."

तो बघतच राहिला. त्याला दिलासा वाटला की धक्का बसला, ते मला कळलं नाही. बहुतेक त्यालाही.

नेमके तेव्हाच शेठ आत आले. आमचे शेठ गोड माणूस, पण उत्साहाला टेंपरिंग केलेलं नव्हतं.

"देशमाने, ये क्या है? शूटिंगवालों का काम लिया क्या?"

खोटं सुचेना. मी सांगून टाकलं. कंपनीची फर्नेस, कंपनीचं औषध, दोन तास. आता बोलणी बसणार, असं वाटलं. शेठनी चपला काढल्या आणि तलवारीला हात जोडले.

"किती जुनी?"

"कुठला भाग, शेठ?"

त्यांना तो प्रश्न ऐकूच आला नाही. "हिला आपल्या मशीन पूजेला ठेवू. सगळ्या पार्ट्यांना बोलावू. फोटो काढू, कॅलेंडर छापू. आणि देशमाने, एकदम हार्ड कर. बासष्ट रॉकवेल!"

रॉकवेल हे कडकपणाचं माप. बासष्ट म्हणजे आमच्या सगळ्यात कडक सुऱ्या. त्या फरशीवर पडल्या तरी तुटायच्या.

"शेठ, बासष्टला तलवार कोहळा बघूनच फुटेल."

"तो फिर कितना?"

"चाळीस-बेचाळीस. जरा लवायला पाहिजे ती."

"वीराची तलवार आणि लवणार?" शेठना ते फारच लागलं. टीव्हीवरच्या तलवारी लवत नसत. त्या पत्र्याच्या आणि लाकडाच्या असतात हे मी सांगितलं, पण त्यांनी ते मनावर घेतलं नाही.

पूजा, पार्ट्या, कॅलेंडर ऐकून जनार्दन भट्टीशेजारी उभा असूनही पांढरा पडला होता. मी शेठना विनवत होतो की ही गोष्ट चार भिंतींत राहू दे, आणि तेवढ्यात गेटवरून वॉचमन आला.

"साहब, एक औरत आई है। टोकरी लेके। बोलती है, मेरी तलवार दो।"

काकीनं वॉचमनची वाट पाहिली नव्हती. ती त्याच्या मागोमाग शेडमध्ये आलीच होती. ठेंगणी, काटक, पाटी काखेत. सुक्या बोंबलांच्या वासानं पहिल्यांदाच पोलाद बुडवायच्या आमच्या क्वेंचिंग ऑइलवर मात केली. तिनं जनार्दनकडे पाहिलं.

"जन्या, म्यानात लाकूर घालून मला येरी समजलास काय? वजन कलत नाय मला? वीस वर्सं मी तिला तेल लावते हाय."

मी पुढे झालो. "बाई, थोडं पॉलिश करायला आणलीय त्यानं..."

"तुमी साहेब हाव ना?" ती म्हणाली. "मंग खोटं कशाला बोलता? दोन तुकरे दिसतात मला."

तिनं पाटी खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि तुकडे एकेक करून उचलून बघितले. पितळेच्या डाकावरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता हंबरडा. पण ती हसली.

"ह्यो माज्या दादल्याचा. आमचं लगीन जालं त्या वर्साला. मला बोलला, सुकलेला नारलाचा मार एका घावात पारतो. मार ऱ्हायला उबा."

जनार्दनची मान झटकन वर आली. "काका? काकानं मोरली?"

"अन् ह्यो टोकाकरचा तुज्या पनज्याचा. सासू सांगायची. परत्येकानं गुपचूप जोरून आनली. अन् घरातल्या परत्येक बाईला ठाव होतं."

"आणि होड्या?" मी विचारलं. "परत येत नाहीत म्हणे."

"आल्या ना. नायतर ह्यो जन्या कुठून आला असता?"

शेठ मात्र खचले. एखाद्या कस्टमरनं ऑर्डर रद्द केल्यासारखा चेहरा करून ते म्हणाले, "मग मावशी, त्या हिऱ्या तांडेलची खरी तलवार किती राहिली?"

"सगली," काकी म्हणाली. आणि माझ्याकडे वळून, "जोरा नीट. पन चकचकीत नको. अन् कोहला यंदा ह्यो जन्या कापंल. चार मान्सांच्या म्होरं."

शिक्षा ऐकून जनार्दननं खालचा ओठ चावला. ती कॅलेंडरलाही नाही म्हणाली. शेठना एवढीच मुभा मिळाली की पूजेला दातिवऱ्याला यावं आणि लांबून नमस्कार करावा.

काम दोन दिवस चाललं. तुकडे भट्टीत तीनशे डिग्रीपर्यंत तापवून घेतले. आमचा वेल्डर टाकीवर शिडी लावून निर्धास्त काम करणारा, पण त्या दिवशी म्हणाला, "साब, इसको जोड़ने में डर लग रहा है।" मी म्हटलं, समज स्प्रिंगचा पाटा आहे. जोड झाल्यावर तलवार चुनखडीच्या भुकटीत पुरून हळूहळू थंड केली. मग टेंपरिंग. जनार्दन भट्टीसमोरून हलला नाही. डबा तिथेच खाल्ला. तलवार बाहेर काढली, नव्या जोडावर पुन्हा लाल औषध मारलं, रेघ आली नाही. व्हाइसच्या पकडीत धरून वाकवली. लवली आणि सरळ झाली.

राहिलं घासून साफ करणं. वेल्डिंगचा फुगवटा पात्याशी सपाट करायला हवा होता. माझा धीर होईना. पहिल्या रांगेतली मुलं डोळ्यांसमोर येत होती. जोडाशी दोन मिलिमीटर जाड ठेवलं आणि वर काजळी चोळून ते लपवलं.

खंडेनवमीला सकाळी कंपनीत मशीनांना हार घातले, पेढे खाल्ले आणि शेठच्या गाडीतून आम्ही दातिवऱ्याला गेलो. अंगणात गाव जमलं होतं. मी काकीला हळूच सांगून मुलांना दहा पावलं मागे सरकवलं. तिनं कारण विचारलं नाही, रांगोळीची रेघ मारली आणि म्हणाली, "हिच्याम्होरं कोनी आला तर तंगरी मोरीन." माझ्या सगळ्या सेफ्टी बोर्डांपेक्षा ती रेघ जास्त पाळली गेली.

जनार्दननं तलवार उचलली. ढोल थांबला. त्यानं घाव घातला.

जोड टिकला. पण तलवार कोहळ्यात निम्म्यावर जाऊन अडकली. माझे दोन मिलिमीटर तिथे पाचरीसारखे बसले होते.

एका म्हाताऱ्यानं कपाळाला हात लावला. जनार्दननं माझ्याकडे पाहिलं, मी शेठकडे, शेठनी आकाशाकडे. मग काकी पुढे आली. तिनं कोहळ्यावर पाय ठेवला, जनार्दनच्या हातावर हात ठेवून तलवार ओढून काढली आणि मोठ्यानं म्हणाली, "पैला घाव दरियाचा. आता दुसरा, घराचा!"

"घराचा!" गाव ओरडलं. ढोल वाजला. जनार्दननं दुसरा घाव घातला आणि कोहळ्याची दोन भकलं झाली. शेठ सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होते. परतीच्या वाटेवर गाडीत त्यांनी मला हिऱ्या तांडेलची गोष्ट सांगितली. पालघरचं रेल्वे फाटक येईपर्यंत शिपाई चाळीस झाले होते.

त्यानंतर बरीच वर्षं मी त्या पूजेला जात राहिलो. तलवार पुन्हा मोडली नाही. एकदा शेजारी बसलेल्या एका गृहस्थांनी मी परगावचा म्हणून मला आपणहून माहिती पुरवली. "इथं दोन घावांची चाल हाय. पैला दरियाचा, दुसरा घराचा. हिऱ्या तांडेलपासून चालत आलीय."

मी मान डोलावली. जनार्दन शेजारीच होता, तो फार मन लावून ढोल ऐकत होता.

ड्रॉइंगवर टॉलरन्स लिहिलेला असतो. माप किती कमी-जास्त चालेल, ते. त्या दिवसापासून तो लेखी मिळाल्याशिवाय मी कुठलंही बाहेरचं काम हातात घेतलेलं नाही. पोलादात दोन मिलिमीटर जादा राहिले तर पुढे त्याचं काय होईल, सांगता येत नाही.