बुधवारची नाइट, गुरुवारचं भाषण

रेडिओवर माणसांनी बोलू नये, असं माझं तेव्हा ठाम मत होतं. गाणी लावावीत आणि गप्प बसावं. भिलाईचा कारखाना उभा राहत होता, मी त्यात फिटर होतो, आणि आठ तास माझ्या कानांवर नुसतं बोलणंच आदळायचं. फोरमन हिंदीत ओरडायचा, रशियन साहेब त्यांच्या भाषेत समजावायचे, दुभाष्या मधल्यामध्ये तिसरंच काही सांगायचा, आणि चूक झाली की ती फिटरची. घरी आल्यावर पुन्हा रेडिओतून कुणी ‘शेतकरी बंधूंनो’ म्हणून सुरू झालं की माझं डोकंच फिरायचं. गाणं निदान कुठलं काम तरी सांगत नाही.

बायकोचं नेमकं उलटं. ती भंडाऱ्याकडच्या खेड्यातली. सेक्टरमधल्या आमच्या क्वार्टरच्या एका बाजूला बंगाली कुटुंब, दुसऱ्या बाजूला तेलुगू, आणि जवळच्या उतई गावाहून भाजी घेऊन येणारी बाई छत्तीसगढीत बोलायची. दिवसभर तिच्याशी मराठीत बोलणारं कुणी नव्हतं, आणि मी घरी यायचो तो तोंड मिटूनच. तिला नागपूर स्टेशन हवं असायचं, आणि त्यातही गाणी नकोत, बोलणं. खतांवरचं, बाळंतिणीच्या आहारावरचं, काहीही चालायचं. नागपूर दिवसा धड लागत नसे. खरखरीतून येणाऱ्या चार शब्दांसाठी ती रेडिओच्या कापडाला कान लावून बसायची. मी आलो की बटण फिरवून गाण्यांचं स्टेशन लावायचो. त्या बोलण्यात काय ठेवलंय, असं विचारायचो आणि उत्तरासाठी थांबायचो नाही.

एका वैशाखात सासऱ्यांचं पत्र आलं. बायकोला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून मीच वाचून दाखवलं. सासरे धानाचे शेतकरी. पेरणीआधी बियाणं मिठाच्या पाण्यात टाकायचं, वर तरंगेल ते पोचट समजून काढून टाकायचं, हे ते गावात सगळ्यांना पटवून देत. त्याची कीर्ती कशी कोण जाणे नागपूरपर्यंत पोचली, आणि रेडिओवाल्यांनी त्यांना बोलावून भाषण भरून घेतलं. येत्या गुरुवारी सकाळी सव्वासातला लागेल, पोरीला जरूर ऐकवा, असं त्यांनी मला लिहिलं होतं.

लग्नाला चार वर्षं झाली होती आणि ती दोनदाच माहेरी गेली होती. पत्र तिनं तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्या वेळी मी वैतागलो, तरी वाचलं.

त्या आठवड्यात माझी नाइट होती, आणि इथेच सगळी माती झाली. बुधवारी रात्री दहाला कामावर चढलेला माणूस गुरुवारी सकाळी सहाला सुटतो, पण हजेरीत ती पाळी बुधवारची लागते. त्यामुळे आम्ही नाइटवाले घरी येऊन झोपून उठेपर्यंत आदल्याच दिवसात वावरायचो. कुणी वार विचारला तर हजेरीच्या कार्डावरचा सांगायचो. जगाचा वार बदललेला असायचा, आमचा नाही.

त्या सकाळी मी सायकल लावून आत आलो, तेव्हा तिची आंघोळ झालेली, रेडिओ नागपूरवर लावलेला. मी सवयीनं बटणाला हात घातला.

"आज गुरुवार हाय न जी?" ती म्हणाली. "बाबा बोलतीन आता."

"बुधवार हाय," मी म्हणालो. "बुधवारचीच नाइट करून येऊन राहिलो. तुहा गुरुवार उद्या."

भाजीवालीनं कालच बुधवार सांगितला होता, असं ती हळूच म्हणाली. भाजीवालीला काय कळतं, प्लांटची हजेरी खोटी आहे का, असं मी खेकसलो. प्लांटचं नाव निघालं की तिचं बोलणं संपायचं. ती उठून चुलीपाशी गेली. मी गाणी लावली, रात्रीचा भात फोडणीला टाकून घेतला आणि पोटभर खाल्ला. सव्वासात वाजले तेव्हा कुणी बाई विरहाचं काहीतरी गात होती, आणि मी तिच्या मागोमाग गुणगुणत होतो. मग झोपलो.

दुसऱ्या दिवशी मात्र मी शहाण्यासारखा वागलो. फाटकातून सरळ घरी आलो, स्वतः नागपूर लावलं, खरखर कमी व्हावी म्हणून एरियलची तार हातात धरून स्टुलावर उभा राहिलो. बायकोनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. एक शब्द कळणार नव्हता तरी शेजारची बंगाली बाई येऊन बसली होती. निवेदकानं स्वच्छ सांगितलं, आज शुक्रवार. आणि कोंबड्यांच्या रोगांवर कुणी डॉक्टर बोलू लागले.

बैल गेला अन् झोपा केला, तो असा. मी तार धरून तसाच उभा. बंगाली बाईनं रेडिओकडे बोट केलं आणि हसून विचारलं, "बाबा?" तो शब्द त्यांच्यातही तोच. माझ्या बायकोनं मान हलवली, हो. मग त्या दोघी कोंबड्यांचे रोग शेवटपर्यंत ऐकत बसल्या.

शेजारीण गेल्यावर मी चिडलो. रेडिओवर, हजेरीवर, पाळ्या लावणाऱ्या बाबूवर, आणि शेवटी, जिभेला हाड नसल्यासारखा, तिच्यावरच.

"मंग कावून सांगतलं नाही तू?"

"सांगतलं न जी," ती म्हणाली.

एवढंच. भांडली असती तर बरं झालं असतं. मला अजून त्याचा राग येतो, आणि तो कुणावर काढायचा हे कळत नाही. भाषण परत लागेल का म्हणून मी नागपूरला दोन पत्रं टाकली. उत्तर आलं नाही.

आठ-दहा दिवसांनी सासऱ्यांचं कार्ड आलं. ऐकलं का, आवाज थरथरत तर नव्हता ना, मध्ये एकदा खोकला आला तो कळला का, असं सगळं विचारलं होतं. मी उत्तराचं कार्ड घेऊन बसलो. आपली चूक आपणच लिहून टाकायची, असं ठरवलं होतं. तरी विचारलं, काय लिहू. ती तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"लिवा, आवाज साफ आला. खोकला बी आयकू आला."

मी लिहिलं.

"अन् लिवा, जवाईबापूनं जवळ बसून आयकलं."

तेही मी माझ्याच हातानं लिहिलं.