तीन मिनिटं बर्फात

लेक प्रांजली सकाळी कठडा धरून जिना का उतरते, हा प्रश्न आठवडाभर कल्पिताच्या डोक्यातून हलत नव्हता. एकोणीस वर्षांची मुलगी, काशीदच्या कबड्डी संघाची पहिली चढाईपटू, आणि पायऱ्या मात्र आजीबाईसारख्या उतरते. विचारलं की उत्तर ठरलेलं, "काही नाही गं." मैदानावर गेली की खरंच काही नसायचं. दहा मिनिटं पळून अंग तापलं की पोर सुसाट. घरी आल्यावर मात्र नडगीवर एकाच जागी बोट दाबून बसायची, आई दिसली की बोट काढायची.

कल्पिता बी.एस्सी. झालेली, शाळेत शिकवणारी. व्यायामानं दुखणं काही वेळ दबतं, हे तिनं वाचलं होतं. दुखणं दबतं, पण नडगीच्या हाडाला चीर गेली असेल तर ती काही तेवढ्यात सांधत नाही. हे सांगायला ती प्रशिक्षक गुणाजी सरांकडे गेली.

गुणाजी सरांची वैद्यकीय तपासणीची पद्धत स्वतःचीच होती. मासळीसाठी आलेला बर्फ पेटीत भरायचा, वर खारं पाणी ओतायचं आणि एकेका खेळाडूनं मनगटापर्यंत हात बुडवायचा. जास्त टिकेल तो तंदुरुस्त. गुडघा, घोटा, पाठ, सगळ्याची खबर हातानंच द्यायची. मुलांच्या संघातल्या, गावभर बाह्या सरसावून फिरणाऱ्या साहिलनं पन्नास सेकंदांत हात काढला आणि काखेत दाबून नाचला. प्रांजली तीन मिनिटं उभी राहिली, दुसऱ्या हातानं मोबाइल बघत.

"बाईमाणसाला मुळात दुखणंच कमी, ताई," सर म्हणाले. "निसर्गानं बाळंतपणासाठी सोय करून ठेवलीय."

बर्फाच्या असल्या प्रयोगांत सरासरीनं बायकाच आधी हात काढतात, असं कल्पितानं सांगितलं. नियमित खेळणाऱ्यांचं सोसणं वाढतं, म्हणून ही टिकली, आणि सोसणं म्हणजे बरं असणं नव्हे. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते प्रयोग शहरातल्या बायकांवर झाले असतील, असा निकाल दिला.

याच सरांनी मागच्या मोसमात संघातल्या पूनमला, पाठ दुखते म्हणाली म्हणून, पोरींचं दुखणं मनातलं असतं असं सांगून मैदानाला वीस फेऱ्या मारायला लावल्या होत्या. म्हणजे बाई बोलली नाही तर तिला दुखत नाही, आणि बोलली तर ती नाटक करते. दोन्ही बाजूंनी पकड सरांचीच.

घरी रत्नपाल, कल्पिताचा नवरा, तहसील कचेरीतला कारकून. उंबऱ्याला त्याच्या पायाचा अंगठा ठेचला होता. दोन दिवस रजा, हळदीचा लेप, पायाखाली दोन उशा. "लेकीकडून शिकायला पाहिजे, कशी सोसते बघ," असं त्यानं उशांवरूनच कौतुकानं म्हटलं आणि पंखा जरा कमी करायला सांगितलं.

रविवारी रोह्याला जिल्हा संघाची निवड होती. एक चढाई, एक चुकीची उडी, आणि बारीक चीर गेलेल्या हाडाचे दोन तुकडे होतील, हेच कल्पिताला दिसत होतं. शुक्रवारी संध्याकाळी भाकऱ्या थापताना तिनं विषय काढला. उद्या अलिबागला जाऊन एक एक्स-रे काढू, बाकी काही नाही.

"नको," प्रांजली म्हणाली. "त्यात काही निघालं तर खेळता येणार नाही."

"म्हणजे काहीतरी निघणार, हे तुला माहितीय."

प्रांजलीनं पिठाची परात आईकडे सरकवली. मग म्हणाली, "भांडी घासून उठताना तू भिंतीला हात का लावतेस?"

"सवय आहे."

"कधीपासून?"

"तू चौथीत होतीस तेव्हापासून."

"दुखतं?"

"काही नाही गं," कल्पिता म्हणाली, आणि भाकरी थापता थापता थांबली.

"बघ," प्रांजली म्हणाली. "हे मला सरांनी नाही शिकवलं. तू कंबर दाखव, मी पाय दाखवते. तू आधी."

कल्पिताकडे कारणांची कमी नव्हती. शाळेचे पेपर तपासायचे होते, रविवारची तयारी होती, कंबर तर काय, सगळ्याच बायकांची दुखते. दहा वर्षं तिनं ही कारणं स्वतःलाच दिली होती आणि पोरीनं ती बसल्या जागी ऐकली होती. पायात काही निघालं तर निवड हुकेल, पोर महिनाभर तोंड उघडणार नाही, हेही तिला ठाऊक होतं.

अलिबागच्या हाडांच्या डॉक्टरांकडे दुसऱ्या दिवसाचे नंबर संध्याकाळी सातपर्यंत फोनवर लावून घेत. पावणेसात झाले होते. तिनं गॅस बंद केला आणि ओढणीला हात पुसून मोबाइल उचलला. नंबर दोन मागायचे, पहिला स्वतःच्या नावाचा.