नव्या सरांना हवंय तरी काय?

आमच्या शाळेतल्या चांगल्या शिक्षकांना कुणीतरी पद्धतशीरपणे भित्रं करून ठेवलंय. नाव घेत नाही. पण चऱ्होलीच्या आमच्या स्टाफरूममध्ये अर्धा तास बसा. किस्से इतके साचतात, की झाडून काढले तरी दुसऱ्या दिवशी तेवढेच!

*

गणिताच्या स्नेहल मॅडम सहावीला घेऊन पार्किंगमध्ये गेल्या. मुलं दोरीने गाड्यांच्या चाकांचा परीघ मोजत होती. गणिताच्या तासाला इतकी खूश पोरं मी पाहिली नव्हती!

तेवढ्यात जुने मुख्याध्यापक आले. म्हणाले, "माझ्या स्कूटरला हात कुणी लावला?"

त्यानंतर मॅडमनी तासाला वर्गाबाहेर पाऊल टाकलं नाही.

*

ट्रेनिंगची नोटीस लागली. मी लगेच नाव दिलं. इतिहासाच्या देशमुख सरांनी मला बाजूला घेतलं. "ट्रेनिंगला गेलास म्हणजे तुला शिकवता येत नाही, असं लिहून दिलंस, राव!"

*

जुने सर रिटायर झाले, नवे आले. पहिल्याच मीटिंगमध्ये म्हणाले, "काही अडचण असेल तर मोकळेपणाने बोला."

सगळ्यांनी वह्यांत मान खुपसली. बाहेर आल्यावर देशमुख सर कुजबुजले, "नावं गोळा करतायत."

*

नव्या सरांनी मागच्या बाकावर बसून स्नेहल मॅडमचा तास पाहिला आणि त्यांना केबिनमध्ये बोलावलं. दार लोटताच मॅडम म्हणाल्या, "सॉरी सर, परत असं होणार नाही!"

"काय होणार नाही?"

"ते... तुम्ही म्हणाल ते, सर."

सरांना तास आवडला होता!

*

"शनिवारी हाच तास आम्हा सगळ्यांना शिकवा," सर म्हणाले. "मीही विद्यार्थी."

स्टाफरूममध्ये खल झाला. डाव आहे, मॅडमना सगळ्यांसमोर तोंडघशी पाडणार, असं मलाही वाटलं. मॅडम मला म्हणाल्या, "यावेळी हसं झालं ना, तर मी नोकरीच सोडते."

शनिवारी सर पहिल्या बाकावर. मॅडमनी टेबलावर स्टीलचा उंच ग्लास ठेवला. "याची उंची जास्त, की परीघ?"

"उंची!" सर ठणकावून म्हणाले.

मॅडमनी ग्लासभोवती दोरी गुंडाळली, तेवढीच दोरी मग ग्लासशेजारी उभी धरली. दोरी चांगली वर उरली! आणि वर्गातल्या सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं, "चुकलं! उभे राहा!"

देशमुख सरांनी डोळेच मिटून घेतले.

सर उभे राहिले.

दारात शाळेच्या शिपाई सुमन मावशी ट्रे घेऊन थांबल्या होत्या. "मॅडम," त्यांनी विचारलं, "च्या आत्ता देऊ, का सरांना बसवल्यावर?"