पाचचा फोन

गुडघा बदलून घ्यायला मी तयार झाले ती गायीसाठी. लोकांना वाटलं, बाईला चालवत नाही म्हणून. चालण्याचं काय, लंगडत लंगडत मी अजूनही सोनईचा बाजार करून आले असते. पण आमची गाय माझ्याशिवाय कुणाच्या हाताला दूध देत नाही, आणि तिच्याखाली उकिडवं बसायचं म्हणजे दोन वर्षांपासून मला ब्रह्मांड आठवत होतं. बसले की उठता यायचं नाही. तिचाच मागचा पाय धरून मी उठायची, आणि ती हलायची नाही. मला पुन्हा तिच्याखाली नीट बसता यावं, एवढंच माझं मागणं होतं.

नगरच्या डॉक्टरांनी माझ्या गुडघ्यावरचे बिब्ब्याचे जुने डाग बघून कपाळाला हात लावला. रक्त, साखर, छाती, सगळं तपासलं. दातसुद्धा तपासले. गुडघ्याचा आणि दाताचा काय संबंध, म्हणून मी भांडले. दातात पू असला तर तो नव्या गुडघ्यापर्यंत पोचू शकतो म्हणाले. मग एक दाढ गेली. सगळ्यात शेवटी ते म्हणाले, "मावशी, नंतर खाली बसायचं नाही बरं का, मांडी घालायची नाही." मी मान डोलावली. आमच्याकडे पथ्य म्हटलं की सव्वा महिना. बाळंतिणीला सव्वा महिना, मग बाई परत कामाला. मी मनातल्या मनात दिवस मोजले आणि कागदावर सही केली.

तोवर धारेचं काय, तर शेजारच्या घरात राहणारी माझी धाकटी जाऊ म्हणाली, "मी बघते, तुमी निवांत जा." मालकांना मी विचारलंही नाही. आमच्या मालकांनी चाळीस वर्षांत गायीच्या आचळाला हात लावलेला नव्हता. बायकी काम, म्हणायचे.

ऑपरेशन झालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या लोकांनी मला चक्क उभं केलं. मी ओरडले. काल ज्या पायात लोखंड घातलं त्याच्यावर आज उभं राहायचं? वॉकर धरून चार पावलं टाकली तेव्हा दुखत होतं त्यापेक्षा नवलच जास्त वाटलं.

त्याहून मोठं नवल संध्याकाळी. बरोबर पाच वाजता लेकीच्या मोबाईलवर मालकांचा फोन. हा माणूस कधी फोन करत नाही. आलेला उचलला तर "हं" म्हणून ठेवून देतो.

"बोल," म्हणाले.

"काय बोलू?"

"काय बी बोल."

मी बोलत बसले. शेजारच्या खाटेवरची बाई कशी घोरते, आमटी कशी पाणचट आहे, सगळं. ते गप्प. मागे बादलीत धार पडल्याचा आवाज येत होता. जावेचा हात बसला वाटतं, असं मनात येऊन मला बरं वाटलं आणि जरासं वाईटही वाटलं. दहा मिनिटांनी ते म्हणाले, "बास," आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पुन्हा फोन. संध्याकाळी पाचला पुन्हा. "बोल." धार जाऊ काढते, हे मोकळे असतात, घर खायला उठत असेल, असा मी हिशेब लावला. लेक हसायची. मी तिला रागावले, पण पाच वाजायला आले की वेणी नीट करून बसायची. आता सांगायला लाज वाटते.

चौथ्या दिवशी व्यायाम घेणारी मुलगी आली. गुडघा वाकवताना मी तिला हौसेने विचारलं, "सव्वा महिन्यानं गायीखाली बसता येईल ना गं?"

ती थांबली. "काकू, खाली बसायचं नाही. उकिडवं तर नाहीच."

"किती दिवस?"

"कायमचंच. सांगितलं होतं ना तुम्हाला?"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. सांगितलं होतंच. डॉक्टरांनी तर आधी विचारलंही होतं, ऑपरेशननंतर काय काय करता यायला हवं? मी म्हणाले होते, जिना चढता यावा, देवाला जाता यावं. धारेचं नावही काढलं नव्हतं. रोज जे करतो ते कोण सांगत बसतं? ज्याच्यासाठी एवढा घाट घातला तेच मी माझ्या हाताने कापून टाकलं होतं. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

पाचला फोन. "बोल."

"काय बोलू? मला आता कधीच खाली बसता यायचं न्हाई म्हनं. गाय गेली माझी. चुलीपुढं न्हाई, गोठ्यात न्हाई, मग घरात मी कशाला हाय? खुर्चीत बसवून ठिवायला? त्यापरीस ऑपरेशनमधी मेले आसते तर बरं झालं आसतं." मी हमसून हमसून रडले.

मागची धार थांबली. पलीकडून एक शब्द नाही. गाय मध्येच तटली असेल, पान्हा चोरला असेल, जाऊ उठली असेल. बराच वेळ मी कानाला फोन धरून बसले. मग तो बंद झाला. बायको एवढं बोलली आणि माणसाने फोन ठेवून दिला! मी लेकीला म्हणाले, "बघ, ह्यो तुझा बाप."

पुढे टाके काढेपर्यंत मी लेकीकडेच राहिले. फोन येत राहिले. मी बोलायची, पण कामापुरतं.

टाके निघाले त्या दिवशी न कळवताच गाडी करून निघालो. वस्तीच्या वळणावर पाच वाजले आणि फोन वाजला. "बोल." मला गंमत सुचली. घरी येतोय हे न सांगता मी पावसापाण्याचं बोलू लागले. गाडी अंगणात शिरली, लेकीने दार उघडलं, आणि माझाच आवाज मला गोठ्यातून ऐकू आला.

मी बोलायची थांबले. गोठ्यातली मीही थांबले.

रस्त्याच्या बाजूने गोठ्याला हिरवी शेडनेट बांधलेली होती, आधी नव्हती. आत माझी रोजची शेवाळी साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन एक बाई गायीखाली बसली होती. दावणीवर मोबाईल, आणि गाय त्या मोबाईलकडे कान करून उभी.  मी मेले की काय, आणि घर माझ्यावाचून चालू आहे ते बघतेय की काय, असंच वाटलं. मग त्या बाईने वळून बघितलं. तिला मिशा होत्या.

"आलीस व्हय?" मालक म्हणाले. "बोलायची थांबू नको, तटंल ती."

जाऊ धावत आली आणि तिने सगळं सांगून टाकलं. पहिल्याच दिवशी गायीने तिला लाथ मारली होती, मग ती पुन्हा जवळ जायला धजली नाही. कुणालाच दूध देईना. शेवटी मालकांनी तिच्याकडून धार काढायला शिकून घेतलं आणि माझी साडी नेसली. तरी ती पान्हा चोरायची. माझा आवाज ऐकवला तेव्हा सोडला. रस्त्यावरच्यांनी हसू नये म्हणून शेडनेट.

म्हणजे फोन माझ्यासाठी नव्हतेच! मी गायीसाठी वेणी घालत होते. मनातलं सगळं उकरून बोलले ते एका जनावराला! मला इतका राग आला की त्या संध्याकाळी मी तोंड शिवून घेतलं. गायीने धार दिली नाही. वासरू प्यालं तेवढंच. सकाळीही तेच.

दुसऱ्या दिवशी पाचला मालक साडी नेसून माझ्यासमोर आले. त्यांनी दावणीजवळ प्लास्टिकची खुर्ची नेऊन ठेवली आणि मला हाताला धरून त्यात बसवलं. स्वतः खाली बसले. गायीने मान वळवून माझा हात चाटला. 

"बोल की," ते म्हणाले.

"गायीला काय बोलायचं? मी रडले त्या दिशीबी तीच ऐकत हुती. तुमी फोन ठिवून दिला. तिनं तरी धार थांबवली."

ते आचळाकडे बघत राहिले. चाळीस वर्षांत त्यांना असं शब्द शोधताना मी बघितलं नव्हतं.

"तिनं न्हाई थांबवली," ते म्हणाले. "ती दूध देतच हुती. माझंच हात चालंनात."

 त्यांनी पदर डोक्यावर सारखा केला आणि बादली पुढे ओढली.

"बोल आता," म्हणाले. "दोघंबी थांबलोय."